वळिवड्याच्या छावणीतल्या बायका आणि सरकारी शब्द

निपाणी-चिकोडी भागात मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं, की पहिलं नाव निघतं ते गांधीनगरचं. कोल्हापूरजवळची ही कापडाची पेठ आपल्याला जवळची. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे टॉवेल-टोपी, सगळं एका दिवसात होऊन जातं. दुकानदार बहुतेक सिंधी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायका तिथं भाव करत आल्या आहेत. पण ही पेठ वसली ती जागा म्हणजे वळिवड्याची जुनी छावणी, आणि सिंधी लोकांच्या आधी तिथं १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं पोलंडमधल्या सुमारे ५,००० माणसांचं गाव होतं, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक असेल? त्या गावात बहुतेक बायका आणि मुलंच होती.

पोलंडच्या बायका आणि सिंधी कुटुंबं, दोघंही समुद्र ओलांडून आली होती. दोघांच्याही कागदावर सरकारांनी नावं लिहिली होती. ती नावं मी जसजशी वाचत गेले, तसतसं मला एक गोष्ट लक्षात आली. सरकारी कागदातला शब्द माणसाबद्दल जेवढं सांगतो, त्याहून जास्त काहीतरी पोटात ठेवतो. आणि माणसाला जहाजावर जागा मिळणार की नाही, हेही पुष्कळदा त्या शब्दावरच ठरतं.

मुळापासून सांगते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या घरांची दारं वाजली. सामान बांधायला जेमतेम वेळ मिळाला. शेतकरी, वनखात्यातले नोकर, माजी सैनिक यांची कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून उत्तर रशियात आणि सायबेरियात नेण्यात आली. या एका खेपेतच सुमारे १,४०,००० माणसं होती. त्यानंतर आणखी तीन मोठ्या खेपा झाल्या. एप्रिलच्या खेपेत मुख्यतः बायका-मुलं होती. त्यांचे नवरे, वडील आधीच पकडले गेले होते, आणि पकडलेल्याचं कुटुंब हाच त्यांचा गुन्हा.

सोव्हिएत कागदांवर पहिल्या खेपेतल्या लोकांचं नाव काय होतं? ‘विशेष वसाहतकार’. वाचून वाटेल, कुणी नवी जमीन कसायला आपणहून निघालेत. जंगलात लाकडं तोडायला लावलेल्या, भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढणाऱ्या बाईला ‘वसाहतकार’ म्हटलं, की तिला कुणी आणलं हा प्रश्नच उरत नाही. आकड्यांचंही तसंच. सोव्हिएत दप्तरात एकूण सुमारे सव्वातीन लाख माणसं धरलेली आहेत. लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारनं तेव्हा हा आकडा त्याच्या कितीतरी पट मोठा मानला होता.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटली आणि रातोरात पोलंड रशियाचा मित्र झाला. ३० जुलैला लंडनमध्ये करार झाला, १२ ऑगस्टला मॉस्कोनं हुकूम काढला, सगळ्या पोलिश कैद्यांना आणि हद्दपारांना ‘माफी’. माफी! या शब्दावर त्या बायका जन्मभर हसल्या आणि रडल्या असतील. माफी गुन्हेगाराला असते. यांचा गुन्हा कोणता होता? पण शब्द मोठा कामाचा होता. माफी म्हटलं, की आधी केलेली हद्दपारी कागदोपत्री योग्यच ठरते. चूक कबूल करावी लागत नाही, भरपाई द्यावी लागत नाही, उलट उपकार केल्यासारखं दिसतं. आपल्याकडं सासरी विनाकारण घराबाहेर काढलेल्या सुनेला चार जणांसमोर ‘जा, तुला माफ केलं’ म्हणून परत घ्यावं, तसलाच हा प्रकार.

माफी मिळाली म्हणजे गाडीचं तिकीट मिळालं असं नव्हे. जनरल आंडर्स यांची पोलिश फौज दक्षिणेकडं उभी राहतेय, एवढी बातमी कानावर आली आणि लोक मिळेल त्या वाटेनं उझबेकिस्तान, कझाकस्तानकडं निघाले. वाटेत उपासमार आणि टायफस. कितीतरी आयांनी स्टेशनांवर मुलं गमावली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये या फौजेला कॅस्पियन समुद्रातून इराणला जायची परवानगी मिळाली. इथं शब्दांचा दुसरा खेळ सुरू झाला. ब्रिटिशांना सैनिक पाहिजे होते, त्यांच्यामागची बायका-मुलं नको होती. खायला घालायचं कुणी, ठेवायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न. आंडर्सनी हट्ट धरला आणि ‘सैनिकांची कुटुंबं’ म्हणून जमतील तेवढ्या बायका-मुलांना, अनाथ पोरांना बरोबर घेतलं. यादीत नाव आलं तर जहाज, नाही आलं तर मागं राहायचं. मागं राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

क्रास्नोवोद्स्क बंदरातून मालवाहू जहाजं आणि तेलवाहू बोटी निघायच्या. माणसं डेकवर एकमेकांना चिकटून उभी. प्यायला पाणी नाही, संडासाची सोय नाही, हगवण लागलेली. एक-दोन दिवसांचाच प्रवास, पण वाटेत जे गेले त्यांना समुद्रातच सोडावं लागलं. पलीकडं इराणच्या पहलवी बंदरात उतरल्यावर वाळूवरच तंबू. कपडे काढून जाळले, आयांची आणि मुलींची डोकी भादरली, कारण उवांतून टायफस पसरत होता. त्या बंदरातल्या पोलिश दफनभूमीत ६०० हून अधिक कबरी आहेत. दोन्ही खेपांत मिळून सुमारे १,१५,००० माणसं सुटली. त्यांतली सुमारे ३७,००० सैन्याबाहेरची होती आणि त्यांतली जवळजवळ निम्मी मुलं.

इराणमधून या लोकांना वेगवेगळ्या देशांत पाठवण्यात आलं. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि आपला हिंदुस्थान. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांना ठेवून घेतलं, ती गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. ती पहिली मुलं रस्त्यानं ट्रकमधून आली होती. वळिवड्याला आलेली कुटुंबं मात्र इराणच्या आखातातून जहाजानं कराचीला उतरली. तेव्हा अरबी समुद्रात जर्मन आणि जपानी पाणबुड्यांची भीती होती. एक समुद्र ओलांडून हायसं झालेल्या बायकांना पोरं कवटाळून दुसऱ्या समुद्रात पाय टाकावा लागला. कराचीच्या छावण्यांत काही काळ काढून मग रेल्वेनं कोल्हापूर संस्थानात.

वळिवड्याला बराकींच्या लांब रांगा होत्या. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, मुलामुलींची स्काउट पथकं होती. आजूबाजूच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, कापडवाले तिथं विकायला जायचे. भाषा येत नव्हती, बोटांनी आणि हातवाऱ्यांनी व्यवहार व्हायचा. त्यांचे नवरे, भाऊ इटलीच्या आघाडीवर होते, मे १९४४ मध्ये मोंते कासिनोला पोलिश पलटणींनी फार रक्त सांडलं. आणि त्याच इटलीत आपल्या बेळगावचं केंद्र असलेल्या मराठा पलटणीही लढत होत्या. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच, जुलै १९४४ चा. म्हणजे बघा, इटलीतलं एक पत्र येईल म्हणून वळिवड्याला एक बाई वाट बघत होती आणि तशाच पत्राची वाट इकडं बेळगावच्या खेड्यात दुसरी बाई बघत होती. दोघींना एकमेकींचं नावही माहीत नव्हतं.

सरकारी पत्रव्यवहारात या छावणीतल्या लोकांना कुठं ‘रेफ्युजी’ म्हटलंय, तर कुठं ‘इव्हॅक्युई’. मराठीत आपण दोन्हीला सरसकट निर्वासित म्हणून मोकळे होतो, पण दोन्हींत फरक आहे. रेफ्युजी म्हणजे आसरा मागायला आलेला, त्याला परत जाता येत नाही. इव्हॅक्युई म्हणजे धोका आहे तोवर हलवलेला, धोका टळला की परत जाणारा. ‘इव्हॅक्युई’ म्हटलं की हे पाहुणे चार दिवसांचे, असं सरकारला वाटतं, आपल्यालाही वाटतं. पण ज्याचं घरच उरलेलं नाही, त्याचा धोका टळणार कधी?

ते १९४५ मध्ये कळलं. फेब्रुवारीत याल्टा परिषदेत तीन बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनला देऊन टाकला आणि जुलैत ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. आता नवा शब्द आला, ‘रिपॅट्रिएशन’, म्हणजे मायदेशी पाठवणी. ऐकायला किती गोड! पण ल्वूफची बाई कुठं परत जाणार? ल्वूफ आता पोलंडमध्ये नव्हतं. विल्नो नव्हतं. ज्या सरकारनं तिला मालगाडीत घातलं, त्याच सरकारच्या ताब्यात तिचं गाव होतं. आपल्या सीमाभागातल्या बायकांना हे समजायला जड जाऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ ला आपलं घर, विहीर, देऊळ जागेवरच राहिलं आणि राज्य बदललं. मुंबई राज्यात झोपलो आणि म्हैसूर राज्यात उठलो. आपल्यावर हद्दपारी आली नाही, म्हणून तुलना फार ताणू नये. पण माणूस न हलता सीमा हलते आणि मग कागद माणसालाच विचारतो ‘तू कुठला?’, हे आपण अनुभवलंय.

वळिवड्यातले काही जण नव्या पोलंडला गेले. पुष्कळ जणी नवरा किंवा मुलगा फौजेत होता म्हणून ब्रिटनला गेल्या. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडं. पुन्हा जहाज, पुन्हा यादी. ‘सैनिकाचं कुटुंब’ हा शब्द दुसऱ्यांदा कामी आला. १९४८ मध्ये छावणी उठली. ज्यांना इथंच मरण आलं त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

रिकाम्या बराकींत मग सिंधी कुटुंबं आली. कराचीहून मुंबईला बोटीनं, हातातल्या गाठोड्यानिशी. आणि इथं मला त्या जुन्या शब्दाचं नवल वाटतं. १९५० साली आपल्या देशात कायदा झाला, इव्हॅक्युई प्रॉपर्टीचा. त्यात ‘इव्हॅक्युई’ म्हणजे जो हिंदुस्थान सोडून पाकिस्तानात गेला तो. त्याचं घर सरकारजमा. तिकडं पाकिस्तानातही तसेच कायदे झाले, आणि तिथं सिंधी हिंदू हा ‘इव्हॅक्युई’. इकडं आल्यावर मात्र तोच माणूस ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, विस्थापित. वळिवड्याच्या त्याच जमिनीवर पाच वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ होता जिला सांभाळायचं ती बाई. आता अर्थ झाला ज्याचं घर घ्यायचं तो माणूस. भीतीनं आठ दिवसांसाठी नातेवाइकांकडं गेलेला माणूसही ‘सोडून गेलेला’ ठरू शकत होता. घर सोडलं की सोडायला लावलं, हे त्या शब्दात मावतच नाही.

पाठशाळेत आम्हाला सत्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ करायला लावले होते. त्यातला एक कूटलेखक्रिया, खोटा लेख करणं. लहानपणी वाटायचं, हे सावकारांसाठी आणि खोटी खरेदीपत्रं करणाऱ्यांसाठी सांगितलंय, आपला काय संबंध? आता वाटतं, आकडा खरा लिहून, तारीख खरी लिहून, नाव मात्र दुसरंच लिहिणं हाही कूटलेखच. आणि तो एका सावकाराच्या वहीतल्या खोट्यापेक्षा फार दूरवर पोचतो, कारण त्यावर सरकारचा शिक्का असतो.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात आसरा मागणाऱ्यांची एक नौका नौदलानं अडवली. निवडणूक महिन्याभरावर होती. इमिग्रेशन मंत्री फिलिप रडॉक यांनी जाहीर केलं, की या लोकांनी स्वतःची मुलं समुद्रात फेकली. पंतप्रधानांनी तेच सांगितलं. ज्या आया असं करतात, त्या आपल्या देशात नकोत, असं वातावरण झालं. पुरावा म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या बायका-मुलांचे फोटो छापले गेले. ते फोटो दुसऱ्या दिवशी ती नौका बुडाली आणि नौदल माणसांना वाचवत होतं, तेव्हाचे होते. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीनं तपास केला. एकही मूल फेकलं गेलं नव्हतं. पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

त्याच महिन्यात, १९ ऑक्टोबर २००१ ला, इंडोनेशियाहून निघालेली आणखी एक नौका बुडाली. अडवलेल्या प्रत्येक नौकेला तिकडं ‘बेकायदा प्रवेशाचा संशय असलेली नौका’ म्हणून क्रमांक द्यायचे. ही बुडाली ती क्रमांक मिळण्याआधीच, म्हणून तिच्या नावापुढं नुसतं ‘एक्स’. ३५३ माणसं गेली. त्यांत १४६ मुलं, १४२ बायका आणि ६५ पुरुष. बायका-मुलं इतकी का? तर कितीतरी जणींचे नवरे आधीच ऑस्ट्रेलियात पोचले होते आणि खरोखर निर्वासित आहेत हे सरकारनं मान्यही केलं होतं. पण त्यांना जो परवाना दिला होता, त्याचं नाव ‘तात्पुरतं संरक्षण’. तात्पुरत्या माणसाला बायको-मुलांना रीतसर बोलावून घ्यायची परवानगी नव्हती. तेव्हा त्या बायकांनी पोरांना घेऊन फुटक्या नौकेत पाय ठेवला. १९४२ मध्ये ‘सैनिकाचं कुटुंब’ या शब्दानं बायकांना जहाजावर चढवलं. २००१ मध्ये ‘तात्पुरतं’ या शब्दानं त्यांना विमानापासून दूर ठेवलं.

ब्रिटनमध्ये अलीकडं इंग्लिश खाडीतून रबरी नावांनी येणाऱ्यांना सरकारी भाषेत ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणायची पद्धत पडली. २०२३ च्या कायद्याचं नावच तसं. पण तिथं आसरा मागायचा तर आधी तिथल्या भूमीवर उभं राहावं लागतं, आणि आसरा मागायला म्हणून परदेशातून व्हिसा मिळत नाही. मग बहुतेकांनी कायदेशीर यायचं कुठून? १९५१ च्या निर्वासितांच्या करारात ३१ वं कलम आहे, की जिवाच्या भीतीनं थेट आलेल्या निर्वासितानं लगेच पुढं येऊन कारण सांगितलं, तर परवानगीशिवाय आला म्हणून त्याला शिक्षा करू नये. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महायुद्धातली माणसं होती, वळिवड्यासारख्या छावण्यांतली. पुढं याच लोकांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचं ठरलं, आणि त्या योजनेचं नाव होतं ‘स्थलांतर आणि आर्थिक विकास भागीदारी’. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रवांडा या लोकांसाठी सुरक्षित नाही. तर २०२४ मध्ये संसदेनं कायदाच केला, की रवांडा सुरक्षित देश आहे असं मानावं. नवं सरकार आलं आणि ती योजना गुंडाळली गेली.

आपल्या देशानं त्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासित कोण हे सांगणारा वेगळा कायदाही आपल्याकडं नाही. कायद्याच्या नजरेला दिसतो तो फक्त परदेशी. तरी याच कर्नाटकात मुंडगोडला आणि बैलकुप्प्याला तिबेटी लोक वर्षानुवर्षं राहताहेत. म्हणजे मन असलं, की शब्दावाचूनही जागा होते. पण ज्याच्याविषयी मन नाही, त्याच्या हातात मग दाखवायला काहीच राहत नाही.

सरकारनं नोंदी करू नयेत, सीमा राखू नये, असं माझं म्हणणं नाही. छावणीला धान्य द्यायचं तर डोकी मोजावीच लागतात, यादी करावीच लागते. वळिवड्यालाही ती होती आणि तिच्यामुळंच मुलांच्या तोंडात घास पडला. खरं तर एवढी माणसं इथं पोचली, त्यात कितीतरी अधिकाऱ्यांची मेहनत होती. माझं म्हणणं एवढंच, की यादीवरचं नाव वाचताना बाईनं तरी थांबावं. दळण निवडताना आपण हात थांबवतो तसं. ‘माफी’ दिसली तर गुन्हा कोणता ते विचारावं. ‘परत पाठवणी’ दिसली तर घर कुठं आहे ते विचारावं. ‘बेकायदा नाव’ दिसली तर कायदेशीर वाट कोणती होती आणि नावेत कोण कोण बसलं होतं, ते विचारावं.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे. छावणीत वाढलेली माणसं म्हातारपणी लांबून तिथं आली, आपल्या आयांची आठवण सांगून गेली. २०१९ मध्ये वळिवड्याला आठवणीचा स्तंभ उभा राहिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुलं वाहिली. या सगळ्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाच. फक्त एवढं लक्षात असू द्या, की ज्यांच्यासाठी ही फुलं वाहिली, त्या बायका त्यांच्या काळात कुणाच्या तरी कागदावर ‘वसाहतकार’ होत्या, ‘माफी मिळालेल्या’ होत्या, नको असलेली खाणारी तोंडं होत्या. त्यांना ‘आई’ म्हणणारी मुलं जगली, वाचली, म्हणून आज त्यांची खरी गोष्ट आपल्याला कळते. एक्स नावाच्या नौकेवरच्या १४६ मुलांना ती संधी मिळाली नाही.